तिसरी पाळी, जालना : जेवढं शिल्लक आहे

माझा धंदा रिक्षावरच्या भोंग्याचा.
साडीचा सेल, हरवलेली म्हैस, वॉर्डातला उमेदवार,
सगळ्यांना आवाज माझाच,
नव्या मोंढ्यामागच्या दहा बाय बाराच्या खोलीत.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला गोधडी.
तिथं ही चार पोरं आली, दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात,
म्हणली, काका, तासाचे किती?

पहिली सीडी. नाव 'चुंबक'. चार गाणी.
गाणारी वैजयंता खरात, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
गाते म्हणजे आधी बोलते, मग शब्द मधूनच वाकवते,
सळई वाकवतात तसा, गरम असताना.
मुदस्सिरच्या गिटारला पाचच तारा.
सहावी औरंगाबादला मिळायची,
आणि तिथं जायचं म्हणजे दिवस मोडायचा.
तिसऱ्या गाण्यात, एक मिनिट चाळीसला,
मागं धाड धाड ऐकू येतं. ते ड्रम नव्हेत.
एमआयडीसीतली रोलिंग मिल.
मी म्हणलो, काढून टाकतो.
शमुवेल म्हणला, राहू द्या,
माझ्यापेक्षा तालात आहे ती.

पन्नास काढल्या, एकोणीस खपल्या, एक माझ्याकडं.
उरलेल्या कुंदनच्या आईनं गच्चीवर दोरीला टांगल्या,
कबुतरं वाळवणावर बसू नयेत म्हणून.
उन्हात गरगरायच्या.
लांबूनसुद्धा डोळ्यावर तिरीप यायची.

दुसरी, 'बीजप्रक्रिया'. नऊ गाणी.
कुंदन मुंदडाच्या बापाच्या गोदामात,
सरकीच्या पोत्यांच्या थप्प्यांमध्ये,
पंखा बंद, कारण पंखा माईकमध्ये येतो.
औषध लावलेल्या बियाण्याचा उग्र वास,
बोटं गुलाबी झालेली सगळ्यांची.
पाचव्या गाण्याआधी वैजयंता शिंकते, नीट ऐका.
आठवं अर्ध्यात तुटतं.
लाइट गेली.
पोरांनी तसंच ठेवलं तुटलेलं.
पण वाजवणारे थांबले नव्हते.
गिटार मुकी झाली, कुंदनचा बेस मुका झाला,
तरी बोटं चालूच, तारांची नुसती खरखर,
शमुवेल मात्र दणदणीत,
आणि ती माईकशिवाय गात राहिली शेवटपर्यंत, त्या अंधारात.
ते कुठल्याच सीडीत नाही.
माझ्या कानात आहे, आणि माझा डावा कान
आता कमी ऐकतो.

तिसरीला नावच नाही.
वैजयंताला घनसावंगीकडं नोकरी लागली.
मुदस्सिर मामा चौकात कूलरच्या मोटरी भरायला बसला.
कुंदन गल्ल्यावर.
एकटा शमुवेल आला, सात रात्री, अकराच्या पुढं,
नुसते ड्रम वाजवून गेला.
म्हणला, बाकीचे येतील, मी जागा सोडलीय.
सोडलीय खरी. ऐकलं की कळतं
कुठं गिटार बसणार होती, कुठं ती श्वास घेणार होती.
पानं मांडलेली, पंगत आलीच नाही.
नंतर तोही चाकणला गेला, गाड्यांच्या कारखान्यात.
पाळी विचारली नाही मी.

परवा पाणीपुरवठ्याची घोषणा आली.
जलवाहिनी फुटली, पाणी आता शुक्रवारी.
मागं काहीतरी वाजतं लागतं, नुसतं बोलणं कोण ऐकतं?
सनई लावून लावून विटलो होतो.
मी चौथ्या रात्रीचे ड्रम लावले.

रात्री गफ्फार रिक्षा लावायला आला, वैतागलेला.
म्हणला, मामा चौकात एक जण मागं पळत आला,
हातात तांब्याची तार लोंबतेय, चप्पल एकाच पायात.
मी सांगितलं, चाचा, शुक्कुरवारी येणार पाणी.
तर म्हणला, पाणी राहू दे.
पयल्यापासून लाव.
चार वेळा लावायला लावलं, उस्ताद.
स्वतः टपाला टेकून उभा, डावा हात हवेत असा, वाकडा,
काय दाबत होता कुणास ठाऊक.
बायका हंडे घेऊन दारात आल्या,
एकच गोष्ट इतक्यांदा सांगतोय म्हणजे
पाणी आत्ताच सुटलं असणार.
त्यांच्या शिव्या मला खाव्या लागल्या.

मी त्याला डिझेलचे पन्नास जास्तीचे दिले.